घरासाठी नवीन कॉम्प्युटर घ्यायचाय, ४५ हजारात काय बसेल? (आत्ताचा २०१२ चा आहे)

रंकाळा_कट्टा
नमस्कार मंडळी. घरचा कॉम्प्युटर पार दमलाय आता. २०१२ च्या दिवाळीत घेतलेला, आय थ्री सेकंड जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज ७. बटण दाबायचं, चहा टाकायचा, चहा पिऊन कप विसळून ठेवायचा, मग कुठं डेस्कटॉप दिसतो. क्रोम अपडेट व्हायचं तर कधीच थांबलंय, बँकेची साईट उघडली की ब्राउझर जुना आहे म्हणून ओरडते.

वापरणारे चार जण. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे, घरी आलो की एक्सेल, मेल आणि कधीतरी पार्टीनं पाठवलेलं ड्रॉइंग उघडून बघायचं एवढंच. मिसेस घरातनंच ब्लाउज शिवते, तिला डिझाईनी बघायला आणि गिऱ्हाइकांची मापं-उधारी लिहून ठेवायला पाहिजे. पोरगी नववीत, शाळेचे प्रोजेक्ट, पीपीटी, आणि आता पायथन शिकायचं म्हणतीय. आणि आमचे आबा, वय ७४, मोबाईलवर बारीक दिसतं म्हणून कॉम्प्युटरवर कीर्तनं बघतात आणि पत्ते खेळतात. गेम बिम कुणी खेळत नाही (पत्ते सोडून).

बजेट ४५ हजार, फार तर हजार दोन हजार वर. काल राजारामपुरीत एका दुकानात विचारलं तर तो म्हणाला आय सेव्हन घ्या की साहेब, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, मॉनिटर कीबोर्ड सगळं धरून २२ हजार, विंडोज ऑफिस सगळं फुकट टाकून देतो. आय थ्री वरनं आय सेव्हन म्हणजे नाद खुळाच की, पण एवढ्या स्वस्तात कसं काय देतोय म्हणून जरा पाल चुकचुकली. घेऊ का?

उद्यमनगरचा_लेथ
थांब भावा, खिशात हात घालू नकोस अजून.

आय सेव्हन म्हटलं की काम झालं असं नसतंय. त्याच्यापुढचा नंबर विचार त्याला. आय सेव्हन ३७७० असला तर पहिला आकडा ३, म्हणजे थर्ड जनरेशन, २०१२ चा माल. म्हणजे तुझ्या घरातल्या डब्याचा चुलत भाऊच की! कुठल्यातरी कंपनीनं लॉटात काढून टाकलेला असतोय, पुसून पासून, नवीन कॅबिनेटात घालून देतात. १२१०० असं पाच आकडी असलं तर पहिले दोन आकडे बघायचे, बारावी जनरेशन. आता गंमत बघ, आय सेव्हन ३७७० मध्ये ४ कोर ८ थ्रेड, आणि २०२२ ला आलेल्या आय थ्री १२१०० मध्ये पण ४ कोर ८ थ्रेडच, आणि पळायला हा नवा आय थ्री त्या म्हाताऱ्या आय सेव्हनला कुठल्या कुठं मागं टाकतो, वर लाईट पण कमी खातो.

दुसरं म्हणजे विंडोज ११ ला इंटेल आठव्या जनरेशनचा किंवा त्याच्या पुढचा लागतो (एखाददुसरा अपवाद सोड) आणि टीपीएम २.० (बोर्डावरची नाहीतर प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) लागतं. विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. मग तो थर्ड जनरेशनवर काय टाकून देणार? एकतर १० नाहीतर जुगाड करून ११, आणि तेही क्रॅक केलेलं. घरात बँकेचे व्यवहार करणार आणि विंडोज चोरीचं, हे काय बरोबर न्हाई.

सेकंडहँड वाईट असतंय असं नाही म्हणत मी, आठव्या नवव्या जनरेशनचा आय फाईव्ह बिलासकट आणि वॉरंटीसकट मिळाला तर घ्यायला हरकत नाही. पण हे २२ हजार म्हणजे पाण्यात.

पुण्यातला_कोल्हापुरी
डेस्कटॉप कशाला घेताय राव या जमान्यात, सरळ लॅपटॉप घ्या. ४५ हजारात चांगला येतो, लाईट गेली तरी चालतो, गावाला नेता येतो, विंडोज आणि ऑफिस बऱ्याचदा सोबतच येतं. ऑनलाईन सेल लागला की मागवायचा.

रंकाळा_कट्टा
लॅपटॉपचा विचार केला होता पण चौघांत एक लॅपटॉप म्हणजे पोरगी घेऊन आतल्या खोलीत गेली की आबांचं कीर्तन बंद, आणि आबांना १५ इंची स्क्रीनवर वाकून बघायला लागतं. आत्ताच चष्म्याचा नंबर वाढलाय.

उद्यमनगरचा_लेथ
बरोबर आहे. आणि स्वस्तातल्या बऱ्याच लॅपटॉपात रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, पुढं वाढवायची सोय नाही. एकटा असता तर लॅपटॉपच घे म्हटलं असतं.

मी काय घेईन सांगतो. आय थ्री १२१०० किंवा त्याच्या आसपासचा कुठला पण, नाहीतर एएमडीचा रायझन ५६००जी. हार्ड डिस्क अजिबात नको, ५१२ जीबी एसएसडी (म्हणजे फिरती चकती नसलेली, चिपवाली डिस्क), तीही एनव्हीएमई, म्हणजे त्यातला जास्त वेगवान प्रकार. तुझ्या घरात चहा होईपर्यंत जे थांबायला लागतं ना, ते प्रोसेसरमुळं कमी आणि हार्ड डिस्कमुळं जास्त. फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभर दीडशे एमबी वाचते, तेही सलग फाईल असली तर, बारक्या बारक्या फायली असल्या की मेलीच. साधी साटा एसएसडी पाचशेच्या घरात जाते आणि एनव्हीएमई तिच्या कितीतरी पट. रॅम १६ असती तर मस्त, पण रॅमचे भाव सध्या एआयवाल्यांनी आभाळाला नेऊन ठेवलेत, त्यांच्या डेटा सेंटरला सगळा माल चाललाय. तर ८ ची एकच कांडी घे आणि बोर्डावर दुसरा स्लॉट मोकळा ठेव, भाव उतरले की दुसरी टाक. ४ च्या दोन कांड्या घालून दोन्ही स्लॉट भरून देतो म्हणाला तर नको म्हण.

ड्रॉइंग नुसतं उघडून बघायला वेगळं ग्राफिक कार्ड लागत नाही, पैसे घालवू नको.

टायपिंगवाली_ताई
मी गेली अठरा वर्षं टायपिंग क्लास घेतो (पुणेकरांनो, कोल्हापुरात बायका घेतोच म्हणतात, दुरुस्त करायला येऊ नका), रोज पोरांना स्क्रीनपुढं बसलेलं बघतो म्हणून सांगतो, सगळे प्रोसेसर प्रोसेसर करतात आणि मॉनिटरला हात आखडता घेतात. प्रोसेसर कुणाला दिसत नाही, मॉनिटर चौघांना रोज दिसणार आहे. २४ इंची, फुल एचडी, आणि पॅनल आयपीएस आहे का विचारा. साध्या टीएन पॅनलला बाजूनं बघितलं की रंग फिके पडतात, तुमच्या मिसेस गिऱ्हाइकाला शेजारी बसवून ब्लाउजचा रंग दाखवणार असतील तर घोटाळा होईल. आबांसाठी सेटिंगमध्ये स्केल १२५ किंवा १५० टक्के करून द्या, रिझोल्यूशन कमी करू नका, अक्षरं फुटतात.

मराठी टायपिंगला काही विकत घ्यायची गरज नाही. विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, भाषा सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडायची, इंग्रजी अक्षरात लिहिलं की मराठी उमटतं. फक्त जुन्या कॉम्प्युटरमध्ये कुणी श्रीलिपीत वगैरे (जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टात) लिहिलेल्या फायली असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या मराठीत, करून घ्या, नाहीतर नव्या मशीनवर नुसतं गिचमिड दिसतं. आमच्याकडं एका मंडळाच्या वर्गणीच्या याद्या अशा अडकल्या होत्या, लोक म्हणाले बरंच झालं.

आणि ऑफिससाठी लिब्रे ऑफिस फुकट मिळतं, उधारीच्या वहीला तेवढं रग्गड आहे.

शाहूपुरीकर
कुणी यूपीएसचं बोलेना म्हणून लिहितो. ६०० व्हीएचा यूपीएस घ्याच, लाईट गेल्यावर दहा मिनिटं मिळतात, सेव्ह करून बंद करायला बास झालं. बॅटरी दोन तीन वर्षांनी बदलायला लागते हे धरून चाला. प्रिंटर त्याच्यावर लावू नका, लेझर असला तर बिलकुलच नको.

आणि कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या कुंभार गल्लीत पाणी शिरलं, रात्री आम्ही कागदपत्रं, सोनं, आईची औषधं आणि गॅसच्या दोन टाक्या वर नेल्या, आणि टेबलाखाली असलेल्या सीपीयूची आठवण कुणालाच झाली नाही. पाचव्या दिवशी येऊन बघतोय तर आत चिखल. कॉम्प्युटर गेला त्याचं काही नाही, पण लग्नाचे आणि पोराच्या बारशाचे सगळे फोटो त्यातच. डेटा काढून देणाऱ्यानं जो आकडा सांगितला तेवढ्यात दोन नवे कॉम्प्युटर आले असते, आणि वर गॅरंटी नाही म्हणाला. शेवटी निम्मे फोटो पाहुण्यांच्या मोबाईलमधनं गोळा केले. त्यातल्या एका फोटोत मी जेवताना तोंड उघडं टाकून बसलोय आणि तोच एक बारशाचा धड फोटो राहिलाय.

तेव्हापासनं एक बाहेरची हार्ड डिस्क ठेवलीय, महिन्याला कॉपी मारतो आणि ती घरात न ठेवता बहिणीकडं सम्राटनगरला ठेवतो. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा निवांत होतो.

रंकाळा_कट्टा
बापरे. आम्ही मंगळवार पेठेत, आमच्या गल्लीत पाणी येत नाही तसं.

शाहूपुरीकर
पाणी येत नाही पण वळीव येतो की. एप्रिल-मेमध्ये गडगडायला लागलं की यूपीएसची पिन तर काढाच, पण इंटरनेटची वायर पण काढा. माझ्या मेहुण्याचा मदरबोर्ड लाईटच्या वायरीतनं नाही, केबलवाल्याच्या नेटच्या वायरीतनं गेलाय. घराचं अर्थिंग एकदा वायरमनकडनं बघून घ्या, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही समजा.

मिंट_चहा
सगळं ठीक आहे पण जुना कॉम्प्युटर टाकून देऊ नका हो. त्यात २४० जीबीची साटा एसएसडी बसवा, जुनी डीडीआर थ्री रॅमची ४ ची कांडी सेकंडहँड मिळाली तर टाका आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टीम इन्स्टॉल करा. फुकट आहे. २ जीबी रॅमवर पण चालतं, ४ वर बरं चालतं. ब्राउझर अपडेट होतो, यूट्यूब चालतं, व्हायरसची कटकट जवळजवळ नाहीच. आबांना वेगळं मशीन होईल.

पुण्यातला_कोल्हापुरी
आले लिनक्सवाले! ७४ वर्षांच्या माणसाला टर्मिनलवर कमांडी मारायला लावणार का आता.

मिंट_चहा
माझी आई ६८ ची आहे, चार वर्षं मिंट वापरतीय, टर्मिनल म्हणजे काय तिला माहीत पण नाही. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, क्लिक केलं की उघडतं. विंडोज ७ ची सवय असणाऱ्याला तर विंडोज ११ पेक्षा हे जवळचं वाटतं.

रंकाळा_कट्टा
अपडेट देतो. आज सुट्टी होती म्हणून दोन दुकानं फिरलो. पहिल्या दुकानदाराला आय सेव्हन कितवा म्हणून विचारलं तर म्हणाला साहेब जनरेशन बिनरेशन काय नसतंय, चालतंय का बघायचं. लेथ भावा, तू म्हणालास तेच, ३७७० निघाला.

दुसऱ्या दुकानात असेंबल्डचं कोटेशन मिळालं, आय थ्री १२१००एफ, एच६१० बोर्ड, ८ जीबी, ५१२ एनव्हीएमई, २४ इंची आयपीएस, यूपीएस, सगळं ३९,८००, विंडोज सोडून. माणूस बोलायला बरा वाटला, चहा पण पाजला. देऊ का ॲडव्हान्स?

उद्यमनगरचा_लेथ
एफ!! अरे मर्दा शेवटचं अक्षर बघितलंस का? एफ म्हणजे प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नाही. वेगळं ग्राफिक कार्ड घातल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही, पंखा फिरेल, दिवा लागेल आणि मॉनिटर काळा. कोटेशनमध्ये ग्राफिक कार्ड लिहिलंय का बघ. नसेल तर एकतर त्याची लिहिताना चूक झाली असेल नाहीतर नंतर कार्ड गळ्यात मारणार. बिगर एफचा १२१०० थोडा महाग पडेल, तोच माग. एएमडीत जाणार असशील तर उलटं आहे, ५६०० च्या पुढं जी पाहिजेच.

आणि कॅबिनेटसोबत फुकट येणारा पॉवर सप्लाय नको म्हणून सांग, ८० प्लस (वीज कमी वाया घालवतो याचा शिक्का) लिहिलेला साधा ब्रँडेड घाल. जीएसटीचं पक्कं बिल, त्याच्यावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर. कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटीला कोण दारात उभा करत नाही.

रंकाळा_कट्टा
विचारलं फोन करून. म्हणाला हो हो ते चुकून एफ पडलंय. चुकून पडलं असेल बाबा, चहा पाजलाय म्हणून मी काय बोलत नाही. बिगर एफ आणि बरा पॉवर सप्लाय घालून ४२,९०० झालं, पण ओरिजिनल विंडोज घालायचं म्हटलं की पन्नासच्या वर चाललंय. त्याच्याकडंच कंपनीचा तयार डेस्कटॉप आहे, आय थ्री तेराव्या जनरेशनचा, ८ जीबी, ५१२ एसएसडी, विंडोज ११ होम सोबत, आणि मॉनिटर यूपीएस धरून ४६,५००. काय करू?

उद्यमनगरचा_लेथ
असेंबल्ड बनवायला मला आवडतंय, पण तुझ्या कामाला तयार डबाच घे. विंडोजचा प्रश्न मिटतो आणि बिघडलं तर एकाच माणसाला धरायचं. फक्त उघडून दाखव म्हण, रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे ना ते डोळ्यानं बघ. अशा डब्यात पॉवर सप्लाय कंपनीच्या मापाचा असतोय, बाजारातला बसत नाही, तेवढा एक तोटा. वॉरंटी तीन वर्षांची आहे का एकच, आणि माणूस घरी येतो का सर्व्हिस सेंटरला न्यायला लागतं, ते लिहून घे.

टायपिंगवाली_ताई
घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी चौघांची वेगवेगळी लॉगिन करा. नाहीतर आबांच्या यूट्यूबमध्ये पोरीची गाणी येतात आणि पोरीच्यात कीर्तनं, मग दोन्हीकडनं तक्रार तुमच्याकडं.

रंकाळा_कट्टा
आणला! शनिवारी संध्याकाळी बसवला, टेबलावरच ठेवलाय, खाली नाही. स्लॉट रिकामा होता, वॉरंटी तीन वर्षं घरपोच. बटण दाबल्यावर मिसेस सवयीनं चहा टाकायला गेली, आधण यायच्या आत स्क्रीन तयार. पोरीनं बसल्या बसल्या पायथन टाकून कायतरी पाढे छापून दाखवले.

आता एकच घोळ झालाय. आबा रुसलेत. पत्ते उघडले की मध्येच जाहिरात येते, थांबावं लागतं, म्हणतात जुन्यात असलं काय नव्हतं, मला माझाच कॉम्प्युटर बरा. जाहिराती बंद करायचे महिन्याला पैसे मागतंय. पत्त्याला पैसे?

मिंट_चहा
मी म्हटलेलं. मिंटमध्ये आयलरायट म्हणून पत्त्याचा गेम फुकट टाकता येतो, ऐंशीच्या वर प्रकारचे डाव, जाहिरात एक पण नाही. एसएसडी कधी आणताय सांगा, मी रविवारी मंगळवार पेठेतच असतो, येऊन बसवून देतो.

रंकाळा_कट्टा
या की. आबा विचारतायत चहा घेणार का कॉफी.