सापळ्यात अडकतो तो फक्त नर

कामगंध सापळे, म्हणजे मादी पतंगाच्या गंधाचं आमिष लावलेले सापळे, पतंगांनी भरतात, तरी पिकावरची अळी का हटत नाही, हा प्रश्न अगदी रास्त आहे. सापळ्यात येतात ते नुसते नर. उरलेला एकेक नर अनेक माद्यांशी मीलन करतो आणि आधीच मीलन झालेली मादी अंडी घालतच राहते. म्हणून मोजके सापळे पाहणीसाठी. पतंग दिसू लागले की ट्रायकोग्रामा या कीटकाची कार्डं (त्यांवर चिकटवलेल्या अंड्यांतून तो बाहेर पडतो) लावायची वेळ झाली, असं समजा. जेमतेम अर्धा मिलिमीटरचा हा मित्रकीटक पतंगाच्या अंड्यातच आपलं अंडं घालतो. काही दिवसांत पतंगाचं ते अंडं काळं पडतं, अळी बाहेर येतच नाही. भिंगातून एकदा तरी बघाच! कार्ड संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला लावा. आणि कृपा करून त्याच आठवड्यात कीटकनाशक फवारू नका, हे मित्रकीटकच आधी मरतात.