एका गुणाची हार पंचांमुळे नाही
आपल्या बास्केटबॉल सामन्यावरून वर दोघा-तिघांनी पंचांना दोष दिलाय: ओव्हरटाइमच्या (बरोबरीनंतरच्या जादा वेळेच्या) पहिल्याच फाउलवर समोरच्यांना दोन फ्री थ्रो (कुणी न अडवता मारायचे थ्रो) कसे? दादा, फिबाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा, नियमच तसा आहे. ओव्हरटाइममध्ये टीम फाउल (संघाचे मिळून मोजलेले फाउल) शून्यावर येत नाहीत, चौथ्या क्वार्टरचेच पुढे चालू राहतात. तिथे आपले चार आधीच झाले होते, म्हणून पुढच्या, पाचव्या फाउलला दोन फ्री थ्रो. उरलेले टाइमआउट मात्र पुढे जात नाहीत. ५ मिनिटांसाठी एकच नवा मिळतो. तो आपण सुरुवातीलाच घेऊन टाकला, म्हणून शेवटच्या चालीला टाइमआउट घेऊन चेंडू पुढच्या कोर्टातून आत टाकायची सोय गेली.

खरा घात रिबाउंडवर, म्हणजे चुकलेल्या थ्रोचा चेंडू पकडण्यात, झाला. फ्री थ्रोच्या वेळी बचावाचे तिघे रांगेत असतात. दोघांनी समोरच्यांचे दोन अडवायचे, तिसऱ्याने थ्रो मारणाऱ्यालाच पाठीवर घ्यायचं; असं पाठीने अडवणं म्हणजेच बॉक्स आउट. तो मोकळा सुटला, दुसरा थ्रो रिंगला लागून त्याच्याच हातात आला, वर शॉट मारायला नवे १४ सेकंद! आपल्या इंदूरच्या पोरांचं शूटिंग फार देखणं आहे, पण दमल्यावर गुडघे वाकत नाहीत आणि बॉक्स आउट सर्वात आधी सुटतो. रेसकोर्स रोडच्या कॉम्प्लेक्सवर सराव संपताना, पाय जड झाल्यावर हेच घ्यावं: प्रत्येकी दोन थ्रो, दुसरा चुकला की लगेच बॉक्स आउट.