साका शोधणाऱ्याला लेख सापडायला हवा

आंबा बागायतीवरचे आपल्या संकेतस्थळावरचे जुने तांत्रिक लेख टॅगवरून, म्हणजे लेखाला दिलेल्या विषयशब्दांवरून, आपोआप एकमेकांशी जोडावेत, अशी सूचना आलीय. मला ते पुरेसं वाटत नाही. आमच्या देवगडात बागायतदार 'साका' (हापूसच्या गरात होणारा दोष) शोधतो, लेखात मात्र त्याचंच इंग्रजी नाव 'स्पाँजी टिश्यू' लिहिलेलं असतं. मग जुळणार कुठून? लोकांचा शब्द आधी शीर्षकात हवा.

आणि दुवे हातानेच द्या, वाचकाच्या पुढच्या प्रश्नाकडे नेणारे. साक्यावरच्या लेखातून 'हापूस ८५ टक्के तयार असतानाच का काढावा' इकडे, तिथून नीलम आणि हापूसच्या संकरातून आलेल्या, साका न होणाऱ्या 'रत्ना' जातीकडे. हे लेख वर्षानुवर्षं उपयोगी पडतात. फवारणीचं वेळापत्रक मात्र बदलत राहतं, ते कृपया यात मिसळू नका. जुनं वाचून चुकीची फवारणी झाली आणि मोहोर गेला, तर बागायतदाराचं अख्खं वर्ष जातं.