बर्गंडीची ‘डची’ की डचांची?

ओसरी
मध्ययुगीन फ्रान्सवरच्या एका पुस्तकाचं भाषांतर करतेय. ‘ड्यूक ऑफ बर्गंडी’ पहिल्या प्रकरणापासूनच येतो. ड्यूक हा शब्द तसाच ठेवला. त्याच्या मुलखाला ‘बर्गंडीची डची’ लिहिलं आणि तिथे घोळ झाला. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी ‘डची’भोवती लाल गोल करून समासात लिहिलं, “डचांची?” त्यांची चूक तरी कशी म्हणू? दोनच ओळींनंतर हा ड्यूक फ्लँडर्स, ब्राबांट, हॉलंड असा सगळा मुलूख बाळगून असतो. डच माणसं खरोखरच त्या परिच्छेदात आहेत.

मग ‘जहागीर’ लिहून पाहिलं. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, “जहागीरदार राजाच्या शत्रूला जाऊन मिळतो आणि जहागीर शाबूत राहते?” १४२० साली त्रुआच्या तहात बर्गंडीचा तेव्हाचा ड्यूक, ‘भला’ म्हणून ओळखला जाणारा फिलिप, फ्रान्सच्या राजघराण्याविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने गेला होता, त्यावरून. सरंजाम, संस्थान, मांडलिक राज्य, सगळं लिहून खोडलं. तुम्ही काय लिहिलं असतं?

शब्दकिडा
आधी हे सांगतो की डची आणि डच यांचा काडीचा संबंध नाही. डच हे ‘डॉइच’चं भावंड, मूळ अर्थ ‘लोकांची (भाषा)’. ड्यूक आला लॅटिन ‘डुक्स’वरून, म्हणजे पुढे राहून नेणारा. व्हेनिसच्या राज्यप्रमुखाची पदवी ‘डोजे’, तीही तिथलीच.

मला मौज वाटते ती जर्मन शब्दाची. तिकडे ड्यूकला ‘हेर्त्सोग’ म्हणतात. त्यातला ‘हेर’ म्हणजे सैन्य आणि पुढचा भाग ‘नेणारा’ या अर्थाचा. आता आपला ‘सेनानी’ फोडून बघा: सेना अधिक नी, नी म्हणजे नेणे. साचा तोच! ‘नायक’ही त्याच धातूचा. म्हणून माझं मत नायक. विजयनगरचे नायक आधी लष्करी अधिकारी होते, मग मदुराईत, तंजावरात वंशपरंपरेने राज्य करू लागले. रोमन डुक्सचंही असंच झालं: सरहद्दीवरचा सेनाधिकारी, पुढे मुलखाचा धनी.

मोडीप्रेमी
शब्दकिडा, व्युत्पत्ती गोड आहे, पण वाचकाला ती दिसत नाही. ‘बर्गंडीचा नायक’ वाचून त्याला कादंबरीचा नायक आठवेल, नाहीतर फौजेतला नाईक.

माझं मत सरंजाम. वतन आणि सरंजाम यांत आपण आज फरक करत नाही, पण कागदपत्रांत तो स्पष्ट आहे. वतन पिढीजात. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला मुलूख, तत्त्वतः धन्याला परत घेता येणारा. आता बर्गंडी बघा. जुना ड्यूक १३६१ मध्ये निपुत्रिक वारला. राजा दुसऱ्या जॉनने १३६३ मध्ये ती गादी आपल्या धाकट्या मुलाला, फिलिपला (हा पहिला, त्रुआच्या तहातला नव्हे) दिली. आणि १४७७ मध्ये शेवटचा ड्यूक चार्ल्स नान्सीच्या लढाईत पडला, मागे फक्त मुलगी मेरी. लगेच अकराव्या लुईने मुलगा नाही म्हणून मुलूख राजाकडे परत आला असं सांगत फौज घुसवली. हा सरंजाम जप्त करणंच झालं की!

ओसरी
मोडीप्रेमी, सरंजामाशी मी जवळजवळ थांबले होते. पण तो अर्ध्याच बर्गंडीला लागतो. बर्गंड्या दोन आहेत! तिकडच्या सोन नदीच्या अलीकडे दिजाँ शहरवाली बर्गंडी, ड्यूकची, फ्रान्सच्या राजाच्या छत्राखाली. पलीकडची बर्गंडी काउंटची (काउंट ही ड्यूकहून खालची पदवी), तिचा धनी पवित्र रोमन सम्राट. १३८४ मध्ये त्या पहिल्या फिलिपच्या बायकोच्या माहेरून फ्लँडर्सबरोबर ही पलीकडचीही आली. म्हणजे एकच माणूस नदीच्या एका तीरावर ड्यूक, दुसऱ्या तीरावर काउंट, आणि धनी दोन.

त्यात भर म्हणजे या सगळ्या मुलखाला मिळून त्यांच्याकडेच नाव नव्हतं. ब्रुसेल्सच्या दरबारात नेदरलँड्सकडच्या प्रांतांना ‘अलीकडचे मुलूख’ आणि बर्गंडीला ‘पलीकडचे मुलूख’ म्हणत. फ्रेंचमध्ये शब्दशः असंच आहे. हे वाचलं तेव्हा मी पेन खाली ठेवून बसले. ज्याच्या नावाने सगळे त्याला ओळखतात ती बर्गंडी त्याच्या स्वतःच्या दरबारात ‘पलीकडे’! म्हणून माझी अडचण एका शब्दाची नाही. पदवी एका प्रांताची आणि राज्य पंधरा ठिकाणचं, हे मराठी वाचकाला कळायला हवं.

नर्मदाकाठ
आम्ही इंदूरची मराठी माणसं, आमच्या घरात ‘संस्थान’ शब्द रोजचा. आजी अजूनही “संस्थानाच्या काळी” म्हणूनच गोष्ट सुरू करते. वर धनी आहे, पण आपला दरबार, आपला खजिना, आपली फौज, हे सगळं त्या शब्दात येतं. ताई, संस्थान लिहा.

मोडीप्रेमी
संस्थान म्हटलं की इंग्रज रेसिडेंट आणि तोफांची सलामी डोळ्यांपुढे येते. पंधराव्या शतकात ते चालणार नाही.

पायवाट
ड्यूकवरून आठवलं. खंडाळ्याच्या सुळक्याला लोक ‘ड्यूक्स नोज’ म्हणतात, वेलिंग्टनच्या नाकावरून. आमच्या कुरवंड्याच्या वाटाड्या मामांना मी पहिल्यांदा तसं म्हणालो, तर ते थांबले, काठीने वर दाखवलं आणि म्हणाले, “फणा दिसतोय का? मग नागफणी म्हणा.” तेव्हापासून दुसरं नाव तोंडात आलेलं नाही. आपला शब्द असताना ड्यूक कशाला? मी ‘महासरदार’ लिहीन.

शब्दकिडा
पायवाट, नागफणी आपली, ते नाव राहायलाच हवं. पण बर्गंडी आपली नाही, तिथल्या माणसाला आपल्या नावाने हाक मारायची गरज नाही. ‘आपले’ शब्द म्हणून जे सुचवलेत तेही तपासा. जहागीर फारसी, सरंजाम फारसी, तुमच्या महासरदारातला सरदारही फारसी. उमराव तर अरबी ‘अमीर’चं अनेकवचन. ड्यूक परका म्हणून नको आणि उमराव चालेल, हे मला पटत नाही. ‘ड्यूक ऑफ कॅनॉट’, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा मुलगा, मराठीत येऊन सव्वाशे वर्षं उलटली. जोतीराव फुले १८८८ मध्ये पुण्यात शेतकऱ्याच्या वेशात त्याच्यासमोर गेले, ती हकिकत सांगताना कुणी ‘कॅनॉटचा महासरदार’ म्हणत नाही.

पायवाट
तीन-चारशे वर्षं मुरलेला सरंजाम आणि काल आलेली डची एकाच पंगतीला कसे बसवता? मुरायला वेळ लागतो. वाचकाला अडखळवणारा शब्द अजून पाहुणाच आहे.

ओसरी
मुरण्याचा मुद्दा पटतो. पण मेरीचं काय करायचं? बाप पडला तेव्हा ती एकोणीस वर्षांची, आणि कुणाची बायको म्हणून नव्हे तर स्वतःच्या हक्काने डचेस. ‘महासरदारीण’ म्हटलं की ती कुणाची तरी पत्नी होते. ‘राणी’ तर लिहिताच येत नाही. राजमुकुट मिळावा म्हणून तिच्या बापाने १४७३ मध्ये ट्रीरला सम्राटाशी बोलणी केली. सगळी तयारी झालेली असताना सम्राट एका पहाटे नावेत बसून मोझेल नदीने निघून गेला. त्या घराण्याला राजा, राणी हे शब्द कधीच मिळाले नाहीत, मी ते मराठीत फुकट कसे देऊ?

मोडीप्रेमी
हे मात्र बिनतोड आहे.

एक विचारतो, टोपणनावांचं काय केलंत? इंग्रजीत पहिला फिलिपही ‘बोल्ड’ आणि शेवटचा चार्ल्सही ‘बोल्ड’. फ्रेंचमध्ये शब्द वेगळे आहेत: फिलिप ‘आर्दी’, चार्ल्स ‘तेमेरेर’.

ओसरी
धाडसी फिलिप आणि अविचारी चार्ल्स असं केलंय. मधले दोघे निर्भय जॉन आणि भला फिलिप.

नर्मदाकाठ
‘अविचारी’ फार कठोर वाटतं हो. तेमेरेरमध्ये शौर्यही आहे ना? आमच्याकडे अशा माणसाला ‘आगाऊ धाडसाचा’ म्हणतात.

मोडीप्रेमी
ग्रानसोन, मुर्तेन आणि नान्सी, एका वर्षाच्या आत तीन लढाया हरला. शेवटची भर जानेवारीत, तुटपुंज्या फौजेनिशी. दोन दिवसांनी त्याचा उघडा देह बर्फात गोठलेला सापडला. ‘अविचारी’ कठोर नाही, नेमका आहे.

शब्दकिडा
‘साहसी’ का नको? संस्कृतात साहसाला अविचाराचीही छटा आहे. “सहसा विदधीत न क्रियाम्”, म्हणजे अविचाराने काही करू नये, हे आठवा.

पायवाट
आजच्या मराठीत साहसी म्हणजे गिर्यारोहक. ती छटा गेली.

ओसरी
तूर्त असं ठरवतेय: ड्यूक आणि डचेस तसेच. मुलखाला ‘ड्यूकशाही’ नको, ती राज्यपद्धती वाटते. दिजाँकडच्या भागाला ‘ड्यूकची बर्गंडी’, नदीपलीकडच्या भागाला ‘काउंटची बर्गंडी’, आणि सगळ्याला मिळून ‘बर्गंडीच्या ड्यूकचे मुलूख’. लांबतं, पण खोटं नाही. ‘डची’ काढून टाकते.

पायवाट
‘मुलूख’ अरबीच की!

शब्दकिडा
आणि डची काढू नका. तळटीप देऊन रुजवा. आपण वापरलाच नाही तर मुरणार कधी?

नर्मदाकाठ
मध्येच विचारते, भाचीच्या लग्नाला ‘बर्गंडी’ रंगाची पैठणी घ्यायची म्हणतात. दुकानदार तिला ‘वाईन’ म्हणतो, वहिनी डाळिंबी म्हणते. रंग त्या मुलखाच्या दारूवरूनच आला ना? मग मराठीत काय म्हणायचं?

मोडीप्रेमी
डाळिंबी नाही, त्यात उजळपणा असतो. आमसुली म्हणा. भिजवलेलं आमसूल उजेडात धरून बघा.

पायवाट
भिजवलेलं की सुकं? दोन्हींचे रंग वेगळे.