मदत हवी आहे: असेटो कोर्सा या कार-सिम्युलेटर खेळात ड्रिफ्ट (मुद्दाम घसरवत गाडी तिरकी नेणं) संपवताना गाडी उलटी फेकली जाते

तिरपी_गाडी:
पीसी, लॉजिटेक जी२९ स्टिअरिंग, गाडी बीएमडब्ल्यू एम३ ई३० ड्रिफ्ट, ट्रॅक खेळातलाच 'ड्रिफ्ट'. ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरण रोखणाऱ्या मदती) बंद, गेन (स्टिअरिंगमधून हाताला जाणवणारा जोर) १००. दुसऱ्या गिअरमध्ये मागचा भाग सुटतो, अर्धं वळण छान तिरकी जाते; ॲक्सिलरेटर सोडला की झटक्यात विरुद्ध बाजूला गिरकी. चूक सेटिंगची की पायाची? आणि एक भाबडा प्रश्न: कुणाला मागे टाकायचं नाही, घड्याळाशी शर्यत नाही, तरी लोक तासन्‌तास त्याच वळणावर का घालवतात?

क्लच_किक:
पायाची. थोडी हाताचीही. गाडी तिरकी असताना पुढची चाकं घसरणीच्या दिशेला वळलेली असतात. पाय एकदम उचलला की मागची चाकं जागच्या जागी फिरायची थांबतात, त्यांना पकड येते आणि पुढची चाकं जिकडे बघतायत तिकडे गाडी झेपावते. म्हणून आधी स्टिअरिंग सरळ आणायला लागा, पाय त्याच्या मागोमाग. तोही ७० टक्क्यांवरून ४०, मग २०. एकदम शून्य नाही.

स्टिअरिंग आवळून धरू नका. मागचं सुटलं की मूठ सैल करा, ते आपणहून उलटं धावतं; हवा तेवढा कोन आला की तळहाताने अडवा.

सराव वळणावर नको, मोकळ्या जागेत करा. दुसरा गिअर, वेग ४० च्या आसपास, हँडब्रेकचा एक हलका हिसका आणि एकाच दिशेने गोल गोल. दहा गोल न तुटता जमले की इंग्रजी आठ काढा. आठच्या मधल्या फुलीवर तुमचा नेमका हाच दोष उघडा पडतो.

दातेरी_चक्र:
पाय ठीक, पण जी२९ पण साधं नाही. आत गिअर आहेत, त्यामुळे बारीक जोर हातापर्यंत पोचतच नाही आणि स्टिअरिंग सरळ असताना मध्यभाग मेलेला वाटतो. कंटेंट मॅनेजरमध्ये (या खेळाचं वेगळं लाँचर) फोर्स फीडबॅकसाठी, म्हणजे हाताला जाणवणाऱ्या जोरासाठी, एलयूटी फाइल (तो जोर दुरुस्त करणारा तक्ता) लावा, मध्यभाग जागा होतो. स्टिअरिंग उलटं धावायलाही जरा हळू आहे. जी हबमध्ये (लॉजिटेकचं सेटिंगचं सॉफ्टवेअर) स्टिअरिंग फिरण्याचा कोन ९०० अंशांचा ७२० करा, खेळातही तोच आकडा द्या. खेळातल्या पेडल ॲपमधली फोर्स फीडबॅकची पट्टी सारखी लाल होत असेल तर गेन ८० वर आणा.

धूर_आणि_रबर:
भाबडा प्रश्न भाबडा नाहीये. रेसिंगमध्ये घसरणं म्हणजे वेळ वाया, इथे तेच तर हवं असतं. २००४ पासून अमेरिकेत चालणाऱ्या फॉर्म्युला ड्रिफ्टच्या पात्रता फेरीतही सेकंद मोजत नाहीत; रेषा, कोन आणि शैली बघतात. खेळात टायरचा आवाज ऐका: एकसुरी किंचाळी म्हणजे कोन टिकलाय, आवाज दबला की पकड परत येतेय. तो सूर पायाने धरून ठेवायचा, याचंच व्यसन लागतं. (स्क्रीनवरचे गुण म्हणाल तर शोभेचे.)

तिरपी_गाडी:
७२० ने फरक पडला, आठ जमायला लागलाय. पण चार-पाच मिनिटांनी गाडी साबणावर ठेवल्यासारखी होते.

क्लच_किक:
मागचे टायर तापले. तापले की हवेचा दाब वाढतो, पकड जाते. सेटअपमध्ये मागचा दाब २ पीएसआयने (हवेच्या दाबाचं एकक) उतरवा आणि दर काही फेऱ्यांनी मिनिटभर न घसरवता चालवा. पुढच्यांना हात लावू नका.