वापरलेला फिशटँक पहिल्यांदाच घरी आणताना: अनुभव लिहा

रेतीबंदर
शाळा संपल्या की मुंबईत घरं बदलायचा हंगाम येतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर ठरलेला निरोप फिरतो: ‘तीन फुटी टँक, स्टँड आणि माशांसकट, रविवारपर्यंत न्या.’ काल असाच एक वाचला आणि मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय आठवलं. १९५१ मध्ये सुरू झालेल्या त्या मत्स्यालयात काचेला नाक लावून उभी राहिलेली कितीतरी माणसं इथे असतील. म्हणून हा धागा. नवख्याला उपयोगी पडेल असं, नेमकं लिहा.

सुरुवात मी करतो. आयत्या टँकमधली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे फिल्टरच्या स्पंजला धरलेला तपकिरी, बुळबुळीत थर. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. या थरातले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन विषारी, तिसरं बऱ्यापैकी सोसतं. नव्या टँकमध्ये हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे जातात, जुन्यात ते तयार मिळतात. आणि लोक नेमका तोच स्पंज पहिल्या दिवशी नळाखाली पांढरा होईपर्यंत धुतात! क्लोरीनने थर मरतो, दोन-चार दिवसांत मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात आणि खापर जुन्या मालकावर फुटतं.

हलवायचा क्रम असा ठेवा. आदल्या दिवसापासून खाणं बंद. वरचं स्वच्छ पाणी, निम्मं तरी, झाकणाच्या बादल्यांत भरून घ्या. मासे त्याच पाण्यात, बॅटरीवरची हवेची मोटर लावून. फिल्टरमधला स्पंज आणि जिवाणू धरणाऱ्या सिरॅमिकच्या नळ्या वेगळ्या डब्यात, टँकच्याच पाण्यात बुडवून, झाकण सैल. बंद फिल्टरमध्ये पाणी कोंडून राहिलं की आतला प्राणवायू संपतो आणि जिवाणू मरू लागतात, म्हणून दोन-तीन तासांत फिल्टर पुन्हा चालू झाला पाहिजे. मग खडी काढायची, उरलेलं पाणी काढायचं आणि टँक पूर्ण रिकामा करूनच उचलायचा. तळात चार बोटं पाणी आणि खडी ठेवून उचललेल्या टँकची काच पिळली जाते आणि सांधा सुटतो. तो लगेच दिसत नाही, टँक हॉलमध्ये भरून झाल्यावर दिसतो.

सातरस्ता
वजनाचं कोणी बोलत नाही. लांबी, रुंदी, उंची इंचात मोजा, गुणाकार करा, ६१ ने भागा. आले ते लिटर. ३६×१५×१८ म्हणजे जवळपास १६० लिटर. काच, खडी, स्टँड धरून २०० किलोच्या घरात जातो. भिंतीलगत, बीमच्या बाजूला ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको. साधा पार्टिकल बोर्डचा स्टँड पावसाळ्यात फुगतो, कडा बोटाने दाबून बघा. मऊ लागल्या तर स्टँड तिथेच सोडून या. आणि टँक आणायच्या आधी लिफ्ट मोजा. चार फुटी टँक पुष्कळ जुन्या लिफ्टमध्ये आडवा मावत नाही, मग जिन्याने चार माणसं लागतात.

गळतीची चाचणी विकणाऱ्याच्या घरी होत नाही, तिथे पाणी असतंच. आपल्याकडे आणून सपाट जागी, खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरून काठोकाठ भरा आणि ४८ तास सोडा. काचेवर थेंब दिसणार नाही इतकी बारीक गळती कागदावर उमटते, शाई पसरलेली दिसते. तेवढ्या वेळात मासे बादलीत हाल सोसतात, म्हणून जमलं तर काच एका दिवशी आणा आणि मासे नंतर. जुना मालक मोठ्या टबात फिल्टर लावून दोन दिवस मासे सांभाळायला तयार असेल तर उत्तमच.

मोगरा
थर्माकोल स्टँडखाली की टँकखाली?

सातरस्ता
टँक आणि स्टँडच्या मध्ये. १० ते १२ मिमीची शीट. स्टँडमधला उंचसखलपणा ती गिळते. टँकच्या तळाला प्लॅस्टिकची चौकट असेल तर मात्र घालू नका.

पाटावरवंटा
कुकर लावलाय, पटकन लिहिते. क्लोरीनसाठी बाजारातली महाग बाटलीच पाहिजे असं नाही. सोडियम थायोसल्फेटचे खडे, दुकानात ‘हायपो’ म्हणून मिळतात. १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवून बाटलीवर चिठ्ठी लावा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. २० लिटरच्या बादलीला ३ मिली, ढवळा, पाच मिनिटांनी वापरा. पावसाळ्यात नळाला ब्लीचिंगचा वास जास्त येतो तेव्हा आणि सोसायटीची टाकी धुतली त्या दिवशी पाणी बदलूच नका. बाकी शिट्ट्या झाल्यावर.

भरती_ओहोटी
रेतीबंदर, स्पंजचं बरोबर, पण पाण्याचं एक राहिलं. तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं पाणी मऊ असतं, क्षार कमी. त्यामुळे टेट्रा, रासबोरा, एंजल मजेत राहतात. मॉली आणि गप्पी मात्र झुरतात, पंख मिटून बसतात. त्यांना क्षार लागतात.

या मऊ पाण्याचा दुसरा धोका जुन्या टँकमध्ये दडलेला असतो. मालकाने महिनोन्महिने पाणी बदललं नाही, नुसतं वरून भरत राहिला, तर नायट्रेट चढत जातं आणि पीएच (पाण्याच्या आम्लपणाचं माप; सातच्या खाली म्हणजे आम्ल) सहाच्या आसपास घसरतो. इतक्या आम्ल पाण्यात जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साठतो, पण तो अमोनियमच्या रूपात असतो, फारसा बाधत नाही. मासे हळूहळू सरावलेले असतात. आता नवा मालक उत्साहाने ८० टक्के पाणी एका दमात बदलतो. पीएच सातच्या वर उडी मारतो, साठलेल्या अमोनियमचा विषारी अमोनिया होतो आणि संध्याकाळपर्यंत टँक रिकामा. लोक म्हणतात, स्वच्छ पाण्याने मासे मेले. कारण हे असतं.

म्हणून आणण्यापूर्वी टेस्ट किट घेऊन जा. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच. नायट्रेट लिटरला ८० मिलिग्रॅमच्या वर दिसलं तर पहिले दोन आठवडे एका वेळी १० टक्केच पाणी, एक दिवसाआड. मग आठवड्याला २५ टक्क्यांवर या. पुढे पीएच घसरू नये म्हणून कोरलचा चुरा मूठभर, जाळीच्या पिशवीत, फिल्टरमध्ये.

आणि काचेवर पाण्याच्या रेषेला खरखरीत पांढरा पट्टा असेल, नखाने खरवडूनही निघत नसेल, तर ते मासे टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्यावर वाढलेत असं समजा. त्यांना नळाच्या पाण्यावर सावकाश आणायचं. पट्टा काढायला पांढरा व्हिनेगर, रिकाम्या टँकमध्ये. साबण किंवा काच पुसायचा स्प्रे आत कधीच नको.

लिंबलोण
आमच्याकडे वास्तुवाल्यांनी आठ सोनेरी आणि एक काळा असे गोल्डफिश सांगितलेत. टँक दोन फुटी आहे. चालेल ना?

भरती_ओहोटी
नाही चालणार, ताई. दोन फुटी टँकमध्ये साधारण ६० लिटर पाणी. एका गोल्डफिशला ४० लिटर तरी हवेत, खाणं आणि घाण दोन्ही भरपूर. शिवाय तो थंड पाण्यातला मासा, टेट्रा-एंजलच्या गरम टँकमध्ये घालू नये. आकडा नऊच हवा असेल तर नऊ झेब्रा डॅनिओ ठेवा, सोनेरी जातही मिळते. काळ्यासाठी एखादा ब्लॅक टेट्रा नको, तो कळपात राहणारा आहे, एकटा पडला की दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो.

लिंबलोण
सासूबाईंना दाखवते हे. धन्यवाद!

कोलीम
नऊवरून आठवलं, रविवारी ससून डॉकला पापलेट काय भावाने होतं कोणाला माहीत आहे का?

मोगरा
कोलीम, तो धागा वेगळा 😄 पण परवडणारं नव्हतं एवढं सांगते.

तिसरी_घंटा
टँकबरोबर मिळणाऱ्या माशांबद्दल लिहितो, कारण खरी फसगत तिथे होते. चार इंची ‘टायगर शार्क’ म्हणून जो काळपट, सतत काचेवर आपटणारा मासा असतो तो पंगास आहे, मीटरभर वाढतो. काचेला तोंड चिकटवून बसणारा सकर ४० सेंमीच्या वर जातो, आणि ‘तो घाण खातो’ म्हणून ठेवलेला सकर स्वतःच सगळ्यात जास्त घाण करतो. ऑस्कर एक फूट. तीन फुटी टँकमध्ये यातलं काहीच बसत नाही. घेताना स्पष्ट सांगा की हे मासे नकोत, किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत आधी विचारून ठेवा. मोठे मासे परत घेणारे दुकानदार मिळतात, पैसे मिळणार नाहीत.

पवईत किंवा कुठल्याही तळ्यात, खाडीत सोडू नका. सकर आपल्या नद्या-तळ्यांत पसरलाय, काठाला बिळं करतो, जाळी फाडतो, स्थानिक माशांची अंडी आणि जागा दोन्ही खातो. देवाच्या तळ्यात सोडणं पुण्याचं वाटतं, पण तिथल्या माशांवर तो अन्याय आहे.

आपल्याच घाटातला एक सुंदर मासा दुकानात ‘मिस केरला’ म्हणून असतो, लाल पट्ट्याचा. शास्त्रीय नाव सह्याद्रिया डेनिसोनी. बघून हरखून जाऊ नका. सहाच्या कळपात, चार फुटी टँकमध्ये, वाहत्या थंड पाण्यातच तो नीट जगतो.

खारफुटी
खडीखाली प्लॅस्टिकची जाळीदार प्लेट असेल तर तो जुन्या पद्धतीचा प्लेट फिल्टर. प्लेटखाली वर्षानुवर्षांचा काळा गाळ असतो. मासे आत असताना खडी उकरली तर कुजक्या अंड्याचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड, माशांना घातक. मासे काढल्यावरच खडी काढा, टँकच्या पाण्यात हलकेच खळबळवा, काळा गाळ फेका. खडीवरचा तपकिरी थर राहू द्या. प्लेट मी तरी परत बसवू नका म्हणेन. त्याऐवजी स्पंज फिल्टर.

गिरणी_कामगार_चाळ
आजोबा गेले, त्यांचा टँक माळ्यावर वर्षभर कोरडा पडलाय. लावायचा आहे. काय बघू?

रेतीबंदर
वाईट वाटलं. लावाच. कोरड्या टँकमध्ये जिवाणू उरलेले नसतात, तेव्हा तो नवाच धरून चला. सांध्याचं सिलिकॉन नखाने दाबा. रबरासारखं दबून वर आलं तर ठीक, भुकटी झाली किंवा कडेने सुटलं तर सगळं ब्लेडने खरवडून नवं भरा. जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही. बुरशीरोधक लिहिलेलं सिलिकॉन घेऊ नका, साधं घ्या. आठवडाभर वाळू द्या, व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेला पाहिजे. सिलिकॉन निळं दिसत असेल तर मिथिलीन ब्ल्यू वापरलेलं, त्याची काळजी नको. पण तांब्याचं औषध वापरलं असेल तर त्यात कोळंबी ठेवू नका. भरल्यावर ओळखीच्या चालू टँकमधला स्पंजचा तुकडा मागून आणा, ओलाच. आठवड्यांचं काम दिवसांवर येतं.

गिरणी_कामगार_चाळ
आभारी आहे. सिलिकॉन दबतंय 🙏

पाटावरवंटा
आले परत. पहिल्या महिन्यात खाणं दिवसातून एकदा, मिनिटभरात संपेल एवढंच. टँकबरोबर आलेला उघडा डबा फेका, ओल लागून बुरशी धरते. नायट्राइट दिसलं तर १०० लिटरला १० ग्रॅम खडे मीठ विरघळवून घाला, कल्ल्यांतून नायट्राइट शिरणं कमी होतं. पाणी बदलणं तरीही हवंच.

माहीम_कॉजवे
विजेचं लिहा रे कोणीतरी, मीच लिहितो. वायर सॉकेटकडे जाताना आधी खाली झोल घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोलातून टपकतं, सॉकेटमध्ये जात नाही. हवेची मोटर पाण्याच्या पातळीखाली ठेवली असेल तर नळीत एकतर्फी व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर वीज गेल्यावर टँकमधलं पाणी नळीतून उलटं येऊन मोटर भिजते. जुना हीटर घेऊच नका. मुंबईत तो डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींपुरता लागतो, नवा घ्या, लिटरला अर्धा ते एक वॅट. पाणी बदलायच्या पंधरा मिनिटं आधी बंद करा, पाण्याबाहेर तापला की काच तडकते.

एप्रिल-मेमध्ये उलट. पाणी ३२ अंशांवर जातं, त्यात प्राणवायू कमी मावतो. झाकण काढून वर जाळी टाका आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा. दोन-तीन अंश उतरतात. पाणी भराभर आटतं, ते रोज भरा.

मोगरा
आणि पहिल्या पावसात पांढरे ठिपके? साखर भुरभुरल्यासारखे?

खारफुटी
इक. परजीवी आहे, तापमान एकदम उतरलं की माशाची ताकद कमी होते आणि तो फोफावतो. हीटरने हळूहळू ३० अंश करा, हवा वाढवा, लिटरला १ ते २ ग्रॅम मीठ. अंगावरचा ठिपका औषधाला दाद देत नाही, तो गळून तळाशी फुटतो आणि पिल्लं पोहायला लागतात तेव्हाच मरतात. म्हणून ठिपके गेले तरी उपचार दहा दिवस चालू ठेवा आणि तळ सायफनने (नळीने पाणी ओढून) साफ करत राहा. टँकमध्ये लोच (तळाशी राहणारे मासे) किंवा वनस्पती असतील तर मीठ कमी.

सातरस्ता
गणपतीला गावी जाणाऱ्यांसाठी: चांगले पोसलेले मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. शेजाऱ्यांना डबा देऊन जाल तर ते मायेने रोज चमचाभर घालतील आणि पाणी दुधासारखं होईल. द्यायचंच असेल तर दोन दिवसांआडच्या चिमटी कागदाच्या पुड्यांत बांधून द्या आणि डबा कुलपात. दिवे टायमरवर, आठ तास.

लिंबलोण
सासूबाई नऊ डॅनिओला तयार आहेत! टँक दारातून आत शिरताना उजवीकडे ठेवायचाय, तिथे दुपारी दोन तास ऊन येतं. पडदा लावला तर पुरेल?

भरती_ओहोटी
पुरेल, जाड लावा. ऊन थेट आलं की आठवड्यात पाणी हिरवं होतं. मागच्या काचेला काळा कागद बाहेरून चिकटवा. आणि डॅनिओ उडी मारतात, झाकण लागेलच.