कलावंतीण ‘मध्यम’ आहे, पण कोणासाठी?

रोहन, ए-४०५ (रात्री ८:४०)
नमस्कार मंडळी. येत्या रविवारी सोसायटीचा पावसाळी ट्रेक ठरवतोय. कलावंतीण दुर्ग, पनवेलजवळ. पहाटे ५ ला गेटवरून निघू, दुपारी ३ पर्यंत घरी. श्रेणी: सोपी ते मध्यम. येणाऱ्यांनी नावं टाका.

पाटील वहिनी, बी-२०३
रोहन, सासूबाईंना यायचंय. वय ६३, रोज सकाळी सेंट्रल पार्कला तासभर चालतात. आणि अथर्व ८ वर्षांचा आहे. दोघांना झेपेल ना?

रोहन, ए-४०५
हो वहिनी, झेपेल. सगळीकडे सोपी ते मध्यमच लिहिलंय. लहान मुलंपण जातात, व्हिडिओ बघितलेत मी.

सावंत काका, सी-५०४
रोहन, तू पुढाकार घेतलास याचं मनापासून बरं वाटलं. पण वहिनींना लगेच हो म्हणू नकोस. जेवून सविस्तर लिहितो.

सावंत काका, सी-५०४ (९:३५)
कलावंतीणला मी सहा वेळा गेलोय. पायथ्याच्या ठाकूरवाडीतून वरच्या प्रबळमाची या वस्तीपर्यंतची वाट चढाची आहे, पण रुंद आहे. दमलात की बसा, पाणी प्या, पुन्हा चाला. तिथपर्यंत सासूबाई आणि अथर्व सावकाश गेले तर काही अडचण नाही. पुढे प्रबळगड आणि कलावंतीण यांच्यामधली खिंड लागते आणि तिथून कातळात खोदलेल्या पायऱ्या सुरू होतात. उंच पायऱ्या, बाजूला कठडा नाही, एका अंगाला थेट दरी. वर पोचता पोचता एक छोटा कातळटप्पा आहे, तिथे हात लावूनच चढावं लागतं. म्हणजे एकाच ट्रेकमध्ये दोन वेगळे ट्रेक आहेत, आणि ‘सोपी ते मध्यम’ हा शब्द दोघांची सरासरी काढून मोकळा होतो. माणूस सरासरीवरून पडत नाही, सगळ्यात अवघड जागेवरून पडतो.

२०११ च्या पावसाळ्यात एका ग्रुपबरोबर गेलो होतो. आमच्या ऑफिसातला एक मुलगा बरोबर होता, २६ वर्षांचा, रोज जिमला जाणारा. चढताना सगळ्यांच्या पुढे. उतरताना तिसऱ्या-चौथ्या पायरीवर मटकन खाली बसला. पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं. पायऱ्या मधोमध झिजल्यात, त्या खळग्यात पाणी साचून शेवाळ धरतं. त्याने डाव्या हाताची बोटं कातळाच्या खाचेत घातलेली, इतकी घट्ट की नखं पांढरी पडली होती. पाय उचलेना. ‘मला दिसतंय खाली’ एवढंच म्हणत होता. वर माणसं खोळंबली, कोणी ओरडतंय, कोणी हसतंय. मी त्याच्या खाली उतरलो, त्याला तोंड कातळाकडे करायला लावलं आणि त्याची टाच माझ्या हातात धरून एकेका पायरीवर ठेवत आणली. चाळीस मिनिटं लागली. त्या ट्रेकची श्रेणीसुद्धा ‘सोपी ते मध्यम’ अशीच कळवली होती.

दम त्याच्याकडे आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त होता. त्याला दृष्टीभय होतं, म्हणजे खाली खोल दरी दिसली की वाटणारी भीती, आणि ते त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. म्हणून मी श्रेणी वाचताना नेहमी दोन प्रश्न वेगळे विचारतो. दम किती लागेल? आणि धीर किती लागेल?

मेघा, ए-१०२
काका, हे कधी असं वेगळं करून बघितलंच नव्हतं. मी मागच्या वर्षी कळसूबाई केलं. तेही मध्यमच म्हणतात.

सावंत काका, सी-५०४
अगदी चांगलं उदाहरण दिलंस. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. बारी गावातून सुमारे ९०० मीटरचा चढ अंगावर येतो. पण उभ्या कातळांवर लोखंडी शिड्या बसवल्यात. दम खूप, धीर बेताचा. कलावंतीणचं उलट आहे, दम कमी आणि धीर भरपूर. दोघांपुढे ‘मध्यम’ लिहिलं की वाचणाऱ्याला काय कळणार? तुझी कळसूबाई झाली म्हणून कलावंतीण होईलच असं नाही, आणि नाही झाली तर त्यात कमीपणाही नाही.

गडाच्या नावावरून तर श्रेणी ठरतच नाही, वाटेवरून ठरते. हरिश्चंद्रगडाला पाचनईतून घरातली मोठी माणसंही जातात, तोच गड नळीच्या वाटेने केला तर मुरलेल्या भटक्यांचा घाम निघतो. राजमाचीला लोणावळ्याहून गेलात तर पल्ला लांबचा पण चढ थोडा, कोंदिवड्यातून गेलात तर अंतर कमी आणि चढ खडा. ‘राजमाची सोपी आहे’ हे वाक्य वाट सांगितल्याशिवाय अपुरं आहे.

देशपांडे काका, ए-७०१
सावंत, मुलीकडे झुरिकला गेलो होतो तेव्हा हे पाहिलं. तिथे वाटेच्या खुणेच्या रंगावरूनच कळतं. पिवळी खूण म्हणजे साधी चालायची वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, बूट चांगले हवेत, चक्कर येणाऱ्याने जपून. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे सरावलेल्यांनीच जायचं. जावई सांगत होता, त्यांच्या अल्पाइन क्लबची टी१ ते टी६ अशी श्रेणी आहे. आणि पाट्यांवर किलोमीटर नाही, तास लिहिलेले. मात्र त्या तासांत विश्रांती धरलेली नसते. आम्हा दोघांना प्रत्येक वेळी जास्तच वेळ लागला.

सावंत काका, सी-५०४
वा! टी१ ते टी६ मध्ये नुसतं अंतर बघत नाहीत, पायाखाली काय आहे, हात लावावे लागतात का, पडलं तर काय होईल हेही धरतात. अमेरिकेची योसेमिटी पद्धतही तशीच. पहिला वर्ग म्हणजे चालणं, दुसऱ्यात अधूनमधून हाताचा आधार, तिसऱ्यात हात वापरल्याशिवाय गत्यंतर नाही, चौथ्यात पडलात तर गंभीर, पाचव्यात दोर आणि प्रस्तरारोहण. माझ्या अंदाजाने कलावंतीणच्या पायऱ्या कोरड्या असताना दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये बसतील. ओल्या असताना मी तिसऱ्यातच धरेन. हे माझं मत आहे, अधिकृत नाही.

वेळेसाठी एक जुना हिशेब कामाला येतो. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडला. सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. कळसूबाईच्या ९०० मीटर चढालाच दीड तास जास्तीचा धरा. हा हिशेब तंदुरुस्त माणसाचा, कोरड्या वाटेचा. लहान मूल, फोटो, पाऊस, नाश्ता मिळून मी सरळ दुप्पट करतो.

रोहन, ए-४०५
काका, खरं सांगतो, मी वेळही नेटवरूनच कॉपी केली होती. पण मग आपल्यातल्या तरुणांनी कायम सोपंच करायचं का? १४ जण कलावंतीणसाठीच तयार आहेत.

मेघा, ए-१०२
मलाही हेच विचारायचं होतं. सगळ्यांना झेपेल असंच निवडत गेलो तर आम्ही कधीच पुढे जाणार नाही.

सावंत काका, सी-५०४
बरोबर आहे, आणि मी तुम्हाला अडवणार नाही. कलावंतीण डिसेंबरात करू. पायऱ्या कोरड्या, हवा थंड, आणि शनिवार-रविवार सोडून गेलो तर गर्दीही कमी. मी स्वतः सगळ्यात मागे चालेन. पण आत्ता नको. पावसात वरच्या पायऱ्यांवर माणसं अडकली की चढणारे आणि उतरणारे एकाच अरुंद जागी उभे राहतात. शिवाय पावसाळ्यात प्रशासन अशा ठिकाणी अनेकदा बंदीचे आदेश काढतं, ते आधी तपासायलाच हवेत. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, ती जागा कलावंतीणपासून फार लांब नाही. या डोंगरांचा पावसातला भरवसा आपण गृहीत धरू नये.

पाटील वहिनी, बी-२०३
काका, मग आमचं काय? सासूबाई कपाटातून बूट काढून तयार बसल्यात.

सावंत काका, सी-५०४
त्यांना सांगा, नक्की न्यायचं. कर्नाळा करू. अभयारण्यात खालच्या जंगलवाटा आहेत, त्या त्यांना आणि अथर्वला मजेत जमतील, पक्षी ऐकू येतील ते वेगळंच. किल्ल्याची वाट उघडी असेल तर बाकीचे वर जातील. तिथे चढ आहे, दम लागतो, पण बहुतेक वाट झाडीतून आहे, दरी सारखी डोळ्यांसमोर येत नाही. सुळक्याच्या पायथ्याशी थांबायचं. तो सुळका प्रस्तरारोहणाचा आहे, शिवाय मधमाश्यांची पोळी असतात, म्हणून तिथे आरडाओरडा नको आणि अत्तर, परफ्यूमही नको. वर कुठवर सोडतात ते रोहनने शनिवारी वनखात्याच्या गेटवर विचारून घ्यावं.

आणि वहिनी, सासूबाईंना एकच विचारा. जिना उतरताना गुडघा दुखतो का? चढ फुप्फुसं तपासतो, उतार गुडघे.

पाटील वहिनी, बी-२०३
विचारलं. उजवा थोडा दुखतो म्हणाल्या. आम्हाला कधी बोलल्याच नव्हत्या.

सावंत काका, सी-५०४
मग त्यांना एक काठी द्या, उतरताना आधी काठी, मग दुखरा पाय. आणि त्यांच्याबरोबर मी खालीच थांबतो.

रोहन, ए-४०५ (१०:२०)
ठरलं. कर्नाळा, रविवार, सकाळी ६ ला गेटवर. नवीन मेसेज करतो. काका, श्रेणीच्या जागी काय लिहू?

सावंत काका, सी-५०४
असं लिही: ‘खालची वाट: चढ थोडा, दरी नाही, ओली माती. किल्ल्याची वाट: चढ बराच, वरच्या टप्प्यात दगड निसरडे, परतायला दुपार. उंचीची भीती असेल तर आधी सांगा, कोणी हसणार नाही.’ आणि सगळ्यांना आपापल्या बुटांच्या तळव्याचा फोटो टाकायला सांग.

देशपांडे काका, ए-७०१
📷 फोटो

सावंत काका, सी-५०४
देशपांडे, हे चालणार नाहीत. टाचेकडचे खाचे पार गुळगुळीत झालेत, ओल्या दगडावर सरकाल. तुमचा नंबर ८ ना? माझी जुनी जोडी आहे, तळवे अजून धड आहेत. उद्या संध्याकाळी घेऊन येतो, मोज्यावर घालून बघा.

देशपांडे काका, ए-७०१
या. चहा ठेवतो. आणि ती काठीची पद्धत मलाही एकदा दाखवा.